चुनखडीच्या मुलखातला अनंत

मृग लागला की आठवडी बाजारात रोपांची गाडी येते. गुलाब, जास्वंद, मोगरा यांच्या रांगेत काळ्या पिशवीतला एखादा अनंत असतो. पानं तेलाचा हात फिरवून पुसल्यासारखी तुकतुकीत, शेंड्यावर पीळ घातलेल्या हिरव्या कळ्या. रोप घरी येतं, पावसाळाभर खुलतं. दिवाळीच्या सुमाराला शेंड्याकडची कोवळी पानं फिकी दिसू लागतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जणू पानावर कुणी जाळी काढली आहे. होळीला कळ्या धरतात आणि उमलायच्या आधीच गळतात. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ऐन उन्हाचे नऊ दिवस, संपेस्तोवर कुंडीत काड्या उरतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ऊन सोसलं नाही त्याला. पुढच्या वर्षी नवं रोप आणखी सावलीत लावलं जातं आणि तेही त्याच वाटेनं जातं.

उन्हाचा दोष त्यात थोडा असतो. पण विदर्भातला अनंत बहुतेक वेळा चुन्यानं मरतो. तो चुना मातीत असतो, बोअरच्या पाण्यात असतो, भिंतीवर असतो, सिमेंटच्या कुंडीतही असतो. गंमत अशी की गावाकडच्या घरात जिथे जिथे गार सावली असते, नेमका तिथेच हा चुना जास्त साचतो. सावली शोधण्याआधी हे ध्यानात आलं, तर पश्चिम विदर्भातही अनंत पंधरा-वीस वर्षं उभा राहतो. तेवढं त्याचं आयुष्य सहज असतं.

हे झुडूप मूळचं दक्षिण चीन, तैवान, व्हिएतनाम, जपान या भागातलं. डोंगरउतारावरच्या, ओढ्याकाठच्या विरळ झाडीत, मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढतं. तिथे वरून सतत पाला पडतो, खाली कुजतो, माती आंबट आणि भुसभुशीत राहते, हवेत दमटपणा असतो. त्याचं शास्त्रीय नाव गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस. अमेरिकेतल्या चार्ल्सटनला राहणाऱ्या अलेक्झांडर गार्डन या स्कॉटिश डॉक्टरच्या नावावरून ते पडलं, म्हणजे बागेशी त्या शब्दाचा थेट संबंध नाही. कुळ कॉफीचं. आपल्या अंगणातली एक्झोरा आणि मुसांडा, देवळाजवळचा कदंब, हे सगळे त्याचे नातलग.

आणि एक सख्खा भाऊ आपल्या जंगलातच आहे, डिकेमाली. मध्य भारतातल्या कोरड्या, पानगळीच्या जंगलात खडकाळ उतारावर ही बुटकी झाडं दिसतात. कोंबांच्या टोकाला पिवळसर डिंक येतो, तो औषधासाठी गोळा करतात. फूल अनंतासारखंच पांढरं उमलतं आणि पिवळं होत जातं. मग भावाला आपला मुरूम चालतो आणि ह्याला का चालत नाही? डिकेमाली उन्हाळा आला की पानं टाकून देते, पाण्याचा खर्च बंद करते आणि पावसाची वाट बघते. अनंत सदाहरित. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला गरम वारा सुटलेला असतो, तेव्हाही त्याच्या अंगावर शेकडो पानं असतात आणि प्रत्येक पानाला पाणी लागतं. त्यात मुळं बारीक, वरच्या वीतभर मातीत पसरलेली. खोल जाऊन ओल शोधणं त्याला जमत नाही. सदाहरित झाड म्हणजे कणखर झाड, ही समजूत इथे पार उलटी पडते.

विकत घेतानाच एक खात्री करायची. दुहेरी पाकळ्यांची तगर अनेक ठिकाणी अनंत म्हणून विकली जाते. विकणाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही, पण पान आणि फूल लांबून सारखं दिसतं. एक पान देठाशी मोडून बघायचं. पांढरा चीक आला तर ती तगर. अनंताला चीक नसतो. त्याची पानं जोडीनं, कधी तीन-तीनच्या घेऱ्यात येतात, शिरा खोल उमटलेल्या असतात आणि कळी गुंडाळलेल्या छत्रीसारखी पीळदार असते. तगर निघाली तर वाईट वाटून घेऊ नये. काळ्या मातीत, बोअरच्या पाण्यावर, अर्ध्या सावलीत तगर बिनतक्रार फुलते. ज्यांना रोज झाडाकडे बघायला वेळ नाही त्यांनी सरळ तगरच लावावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता मातीकडे येऊ, कारण सगळं तिथेच अडतं. अनंताला मातीचा सामू, म्हणजे आंबटपणा सांगणारा पीएचचा आकडा, पाच ते साडेसहाच्या दरम्यान लागतो. सातच्या खाली माती आंबट, सातच्या वर त्याच्या उलट. अकोला, बुलडाणा, वाशीम, अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यातली कापसाची काळी माती साडेसातच्या पुढे असते, बऱ्याच ठिकाणी आठच्याही वर. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर मातीत आणि भूगर्भातल्या पाण्यातही क्षार. काळ्या मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. ताट वाढलेलं आणि हात बांधलेले, तशी झाडाची गत. वरूड, मोर्शी, काटोलकडच्या संत्रा बागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. चुनखडीच्या शेतातली संत्र्याची झाडं कशी पिवळी पडतात ते त्यानं पाहिलेलं असतं. संत्रा तरी जंबेरीच्या खुंटावर असतो, थोडं सोसून घेतो. अनंताची सोसण्याची ताकद त्याहून कितीतरी कमी.

आपल्या मातीत चुना आहे का, ते घरीच कळतं. मूठभर कोरडी माती बशीत घ्यायची, ढेकूळ फोडायचं आणि वर चमचाभर पांढरा व्हिनेगर टाकायचा. कान जवळ नेला तर चुना असलेली माती चुरचुरते, बुडबुडे येतात. पांढरे खडे हाताला लागत असतील तर परीक्षा घ्यायचीही गरज नाही. शेताची मृदा आरोग्य पत्रिका घरात असेल तर तिच्यावर सामूचा आकडा असतोच.

अशा जमिनीत खड्डा करून, गंधक घालून माती सुधारता येईल का, हा प्रश्न शेतकरी माणूस हमखास विचारतो. हिशोब करून बघा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात साधारण पावणेतीनशे किलो माती बसते. तिच्यात पाच टक्के चुनखडी धरली तर चौदा किलो चुना झाला. एक किलो चुना निष्प्रभ करायला जवळजवळ एक तृतीयांश किलो गंधक लागतं, म्हणजे एका खड्ड्याला साडेचार किलो. एवढं गंधक एका ठिकाणी घातलं तर मुळंच भाजतील. हळूहळू घातलं तरी चारही बाजूंनी चुन्याचं पाणी पुन्हा झिरपत येणारच. शिवाय काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि त्या भेगांत ही बारीक मुळं तुटतात. पावसाळ्यात तीच माती फुगून चिखल होते आणि मुळं गुदमरतात. म्हणून पश्चिम विदर्भात अनंत जमिनीत लावूच नये. कुंडी हीच त्याची जागा.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग इथे चित्र बदलतं. धानपट्ट्यातल्या हलक्या, पिवळसर-तांबूस जमिनीत चुना कमी, पाऊस जास्त, आणि तलावाचं पाणी बोअरच्या मानानं मऊ. तिथे सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, आंब्याच्या पूर्वेला अनंत जमिनीत चांगला होतो. फक्त धानाच्या बांधीसारखं पाणी साचणारी जागा नको. जमिनीपासून फूटभर उंच ओटा करून त्यावर लावावा, म्हणजे श्रावणातली झड मुळांना बाधत नाही.

कुंडी मातीची किंवा प्लास्टिकची. सिमेंटची कधीच नको. सिमेंटमधला चुना वर्षानुवर्षं पाण्याबरोबर मातीत उतरत राहतो. मातीची कुंडी श्वास घेते पण मे महिन्यात दुपारपर्यंत सुकते. ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत पाला कोंबला तर मुळं गार राहतात. पहिल्या वर्षी दहा इंची, मग बारा, शेवटी चौदा-सोळा इंचापर्यंत. सुरुवातीलाच मोठ्या कुंडीत छोटं रोप लावलं तर न वापरलेली माती ओली राहून सडते आणि मुळंही सोबत नेते.

भरण्यासाठी घमेल्यानं मोजायचं तर दोन घमेली बिनचुन्याची लाल माती, दोन घमेली पूर्ण कुजलेल्या पाल्याचं खत, एक घमेलं भिजवून पिळलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि एक घमेलं धानाची जुनी तूस किंवा जाड धुतलेली रेती. लाल माती गावात नसेल तर तिचा वाटा कमी करून पालाखत वाढवावं, पण तिच्या जागी काळी माती घालू नये. रस्त्याच्या कामाचा मुरूम घ्यायचा असेल तर आधी व्हिनेगरची परीक्षा. शेणखत घालायचं तर चांगलं वर्षभर मुरलेलं आणि एका कुंडीला दोन ओंजळींपेक्षा जास्त नाही, कारण ताज्या शेणखतात क्षार असतात. बारा इंची कुंडीला पन्नास ग्रॅम निंबोळी पेंड आणि दहा ग्रॅम गंधकाची भुकटी या मिश्रणात नीट कालवावी. गंधक आपणहून काही करत नाही. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल बनवतात, त्याला ओल, ऊब आणि दोन-तीन महिने लागतात. म्हणून ते पावसाच्या तोंडावर घालायचं. हिवाळ्यात घातलेलं गंधक नुसतं पडून राहतं.

चुलीची राख मात्र चिमूटभरही नको. परसातल्या प्रत्येक झाडाला राख घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि वांग्या-दोडक्याला ती लाभतेही, पण अनंताला राख म्हणजे चुन्याचाच दुसरा अवतार. अंड्याची टरफलं आणि हाडांचं खत यांचंही तेच.

रोप लावताना पिशवी कापून मुळांचा गोळा बघावा. पुष्कळ रोपं चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. तो गोळा तसाच लावला तर बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडाठाक राहतो. बादलीभर पाण्यात वीस मिनिटं बुडवून बोटांनी कडा सैल करायच्या, गोल फिरलेली मुळं सोडवायची. खोडाचा आधीचा मातीचा ठसा जिथे होता तिथेच नवी माती यावी. बोटभरसुद्धा खोल लावलेला अनंत खोडाशी कुजतो. वरून दोन इंच सोयाबीनचं कुटार, तणस किंवा वाळला पाला अंथरायचा, पण खोडाला टेकू द्यायचा नाही. ह्या कुंडीत खुरपं घालून माती मोकळी करू नये. वरची मुळंच तुटतात.

इतकं करूनही झाड पिवळं पडलं तर बोट पाण्याकडे जातं. बोअरच्या पाण्याची भांडी बघा, तळाला पांढरा थर बसतो. तोच थर रोज थोडा थोडा कुंडीत जमतो आणि कितीही चांगली माती भरली तरी वर्ष-दीड वर्षात तिचा सामू वर चढतो. अनंत लावायचा तर पाण्याची सोय आधी करावी, रोप नंतर आणावं.

सगळ्यात चांगलं पावसाचं पाणी. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. दहा चौरस मीटरच्या टिनावर वीस मिलिमीटरची एक सर आली तर दोनशे लिटरचा ड्रम भरतो. पहिल्या एक-दोन सरींत छपरावरची धूळ वाहू द्यायची आणि मग ड्रम लावायचा. तोंडाला दाट कापड आवळून बांधायचं, नाहीतर डेंग्यूच्या डासांना घर मिळेल. बारा इंची कुंडीला उन्हाळ्यात रोज दोन लिटरच्या आसपास पाणी लागतं. फेब्रुवारीपासून मृगापर्यंतचे दिवस मोजले तर अडीचशे-तीनशे लिटर. म्हणजे दोन ड्रम एका झाडाचा उन्हाळा काढतात. जिथे प्यायच्या पाण्याची ओढाताण आहे तिथे हे पटणार नाही, आणि ते रास्त आहे. पण हे पाणी पावसाळ्यात वाहून जाणारंच होतं.

पावसाचं पाणी संपलं तर बोअरच्या पाण्यात लिंबूसत्व घालायचं. किराणा दुकानात मिळतं तेच. दहा लिटर पाण्याला तीन ग्रॅम, म्हणजे छोटा चमचा अर्ध्याहून थोडा जास्त. नीट ढवळून तासभर ठेवायचं आणि सामू मोजायच्या कागदी पट्टीनं तपासायचं. सहाच्या आसपास आलं की पुरे. प्रत्येक गावचं पाणी वेगळं, म्हणून पहिल्यांदा पट्टी वापरणं गरजेचं आहे. एकदा आपल्या विहिरीचं माप कळलं की पुढे चमचाच पुरतो. खारपाणपट्ट्यात मात्र हा उपाय अपुरा आहे. आम्लानं पाण्यातला चुना मरतो, मीठ तसंच राहतं.

दोन पाणी कटाक्षानं टाळायची. एक, कूलरच्या टाकीतलं. कूलर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो, त्यामुळे आठवडाभर फिरलेलं पाणी मुळातल्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जड झालेलं असतं. टाकी साफ करताना ते झाडांना ओतायची पद्धत घरोघरी आहे. कडुनिंबाला चालेल, अनंताला नाही. दुसरं, गावातल्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी क्षाराविना असतं, ते बिनदिक्कत वापरावं.

आता सावली. आपल्या घरांत सावलीची आणि ओलीची हक्काची जागा म्हणजे न्हाणीचा कोपरा. अळू, कर्दळ, केळ तिथे माजतात, म्हणून अनंतही तिथेच लावला जातो. पण साबणाचं आणि कपड्याच्या पावडरचं पाणी आम्लाच्या अगदी उलट गुणाचं असतं. दुसरी जागा घराच्या मागची भिंत. दिवाळीआधी तिला चुना मारतात, तो पावसानं उतरतो आणि भिंतीच्या बुडाशी मुरतो. तिसरी जागा रांजणाजवळची. तिथे बोअरचं पाणी दिवसभर सांडतं. म्हणजे सावलीच्या तिन्ही जागा चुन्याच्या. कुंडी वीट किंवा लाकडी फळीवर उचलून भिंतीपासून दोन फूट अलीकडे ठेवली की हा प्रश्न सुटतो.

सावली म्हणजे अंधार नव्हे. पूर्ण सावलीत अनंत हिरवागार राहतो, काड्या लांबवतो आणि फुलत नाही. त्याला सकाळचं कोवळं ऊन तीन-चार तास लागतं. उन्हाळ्यात नऊ-साडेनऊनंतर थेट ऊन नको, हिवाळ्यात अकरापर्यंत चालतं. घराच्या पूर्वेकडची छपरी सगळ्यात उत्तम, उत्तरेची बाजू दुसऱ्या क्रमांकावर. पश्चिमेची भिंत सावलीत असली तरी नको, कारण दुपारभर तापलेली भिंत रात्री दहापर्यंत आच सोडते आणि झाडाला रात्रीचा गारवा मिळत नाही. झाडाखाली ठेवायचं असेल तर शेवगा किंवा कवठाची विरळ सावली चांगली. चिंचेखाली फार दाट होते.

मार्चअखेरीपासून पश्चिम आणि दक्षिण बाजूला आडोसा हवा. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी मिळते, पण तुराट्यांची ताटी तिच्यापेक्षा सरस आहे असं मला वाटतं. तीतून हवा खेळते, चटका गाळला जातो, आणि तुरीच्या काढणीनंतर तुराट्या घरात असतातच. रोहिणीच्या त्या नऊ दिवसांत ताटीवर ओलं गोणपाट टाकलं की दुपारचा गरम वारा थोडा दमट होऊन येतो. कुंड्या एकमेकींना लागून ठेवाव्यात, एकट्या कुंडीभोवती हवा फार कोरडी असते. पाणी सकाळी लवकर आणि लागलं तर सूर्य कलल्यावर. बोटाचं एक पेर मातीत खुपसून बघायचं. कोरडं लागलं तरच द्यायचं आणि द्यायचं तेव्हा खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्यायचं. दुपारी पानं थोडी मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नये. उष्ण दुपारी ओल्या मातीतही पानं मान टाकतात आणि संध्याकाळी सावरतात. रोज दुपारी घाबरून पाणी घालणाऱ्यांच्या कुंडीत मुळं सडतात.

पिवळेपणा वाचायला शिकलं की अर्धी काळजी मिटते. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी, तर मॅग्नेशियम कमी. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा पुरते. सगळंच झाड निस्तेज आणि पानं मऊ, तर मुळांशी पाणी साचलंय. पानांची टोकं करपली तर क्षार. नवी पालवी फुटताना आतली पाच-सात जुनी पानं पूर्ण पिवळी होऊन गळतात, ते नैसर्गिक आहे. आणि डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात मुळं मंद होऊन झाड थोडं फिकं दिसतंच, तेव्हा औषधांचा मारा करू नये.

लोह देताना कृषी केंद्रात फसगत होते. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, म्हणून जे सहज हातात दिलं जातं ते बहुधा ईडीटीए प्रकारचं असतं. सामू साडेसहाच्या वर गेला की ते मातीत टिकत नाही. पिशवीवर ईडीडीएचए अशी अक्षरं शोधायची. ते चुनखडीच्या मातीतही काम करतं, पाण्यात गडद लाल रंग देतं आणि महाग असतं. बारा इंची कुंडीला दोन ग्रॅम, लिटरभर पाण्यात विरघळवून, संध्याकाळी मुळांशी. महिन्यानं पुन्हा एकदा. स्वस्त उपाय हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. लिटरभर पावसाच्या पाण्यात आधी एक ग्रॅम लिंबूसत्व, मग दोन ग्रॅम हिराकस, आणि तयार होताच पानांवर फवारणी. द्रावण तांबूस झालं की ते फुकट गेलं, लोह गंजलं. बोअरच्या पाण्यात हे लगेच होतं. फवारणीनं आधीची पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, पुढची पालवी कशी येते ते बघायचं. आणि फवारणी ही तात्पुरती शिदोरी आहे. पाणी बदललं नाही तर दोन महिन्यांत झाड पुन्हा तिथेच येतं.

खताला फार हात सैल सोडू नये. मार्च ते सप्टेंबर, दर पंधरा दिवसांनी, पाच लिटर पाण्यात पाच ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि त्यातलं लिटरभर एका कुंडीला. ते माती आंबट ठेवायलाही मदत करतं. पण मेच्या ऐन उन्हात खत बंद. शेतकऱ्याच्या घरात डीएपीची पोती असते म्हणून मूठभर टाकलं जातं, त्यानं नुकसान होतं. डीएपीतलं जास्तीचं स्फुरद लोहाला आणखी अडवतं.

कळ्या गळण्याचं दुःख सगळ्यात मोठं, कारण तोवर वर्षभराची मेहनत झालेली असते. अनंताच्या कळ्या रात्री गार असताना, पंधरा-अठरा अंशांच्या आसपास, चांगल्या धरतात. विदर्भाचा हिवाळा आणि फेब्रुवारी त्याला मानवतो. पण कळी तयार होईस्तोवर एप्रिल उजाडतो, रात्रीही तापतात आणि झाड कळ्या टाकतं. म्हणून मार्चमध्ये जी फुलं मिळतील ती घ्यावीत आणि मेमधल्या कळ्यांची फार आशा धरू नये. खरा बहर मृगाच्या पावसानंतर येतो. कळ्या दिसू लागल्या की कुंडी हलवायची नाही, वळवायचीही नाही, आणि पाण्याची वेळ चुकवायची नाही. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की आठवड्यात कळ्या खाली दिसतात.

छाटणी बहर ओसरला की लगेच, ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पुढच्या वर्षीच्या कळ्या यानंतरच्या फुटीवर धरतात. हिवाळ्यात सौंदर्यासाठी कात्री चालवली तर फुलंच कापली जातात. एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. सुकून तपकिरी झालेली फुलं मात्र रोज खुडावीत.

किडींत पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि पांढरी माशी या तीन मुख्य. त्यांनी सोडलेल्या गोड चिकट रसावर काळी बुरशी चढते. संत्र्यावरची कोळशी ज्यांना माहीत आहे त्यांना ही ओळखीची. बुरशी पुसून काढण्यात अर्थ नाही, आधी कीड जायला हवी. मुंग्यांची रांग खोडावर दिसली की पानांच्या खालच्या बाजू तपासाव्यात. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायची, आठवड्यानं पुन्हा. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या धुऊन सावलीत वाळवून ठेवल्या की वर्षभर पुरतात. एप्रिल-मेमध्ये पानं पांढुरकी, धुळकट दिसली तर लाल कोळी समजावा. त्याला औषधाआधी मऊ पाण्याचा जोराचा फवारा पानांखालून द्यावा.

एका रात्रीत फांदीची फांदी खाल्लेली दिसली आणि खाली काळे दाणे पडलेले असले, तर शेपटीला शिंग असलेली जाड हिरवी अळी शोधायची. ती पानाच्या रंगात मिसळून जाते. काचेसारख्या पंखांच्या, भुंग्यासारख्या दिसणाऱ्या एका पतंगाची ती अळी आहे. एका झाडावर चार-पाचच असतात. हातानं उचलून दूर सोडल्या तरी भागतं. त्यासाठी विषारी फवारा मारावा असं मला वाटत नाही.

झाड जमलं की शेजारून मागणी येतेच. दुहेरी अनंताला फळ क्वचित धरतं, एकेरी, सहा पाकळ्यांच्या अनंताला केशरी फळ येतं. केशरात जो रंग असतो तोच क्रोसिन त्या फळात असतो आणि चीन-जपानमध्ये त्यापासून खाण्याचा पिवळा रंग करतात. आपल्याला मात्र रोपं काडीपासूनच करायची. जुलै-ऑगस्टमध्ये छाटणीतल्या चांगल्या काड्या बाजूला काढायच्या. न फुललेला शेंडा, चार-पाच इंच लांब, बुडाशी हिरवा रंग जाऊन तपकिरी व्हायला लागलेला. खालची पानं काढायची, वरची दोन जोड्या ठेवायच्या आणि तीही मोठी असतील तर अर्धी कापायची. रेती आणि कोकोपीट निम्मं निम्मं, त्यात दीड इंच खोल खोचायची. पावसाचं पाणी द्यायचं, वरून पारदर्शक पिशवी उपडी घालायची आणि छपरीत ठेवायची. दिवसातून एकदा पिशवी उचलून हवा द्यायची. सहा ते आठ आठवड्यांनी हलकेच ओढून बघायची. काडीनं धरून ठेवलं तर मुळं आली. पहिला हिवाळा तिला त्याच छोट्या कुंडीत काढू द्यायचा.

रोप देताना सोबत त्याच मिश्रणाची एक पाटी माती द्यावी, आणि त्यांच्या घरी बोअर आहे की विहीर, हे आधी विचारावं.